अर्धी फेरी

ऐका! शेकोटीत दोन काटक्या सारा अन् जवळ सरकून बसा. ए रखमे, ते पोर पेंगतंय, घरात निजव त्याला. ही गोष्ट अर्धवट झोपेत ऐकू नये, स्वप्नात येते.

आपल्या डोंगरातली लेणी ठाऊक आहेत ना? भिक्खूंनी कोरलेली. मोठ्या लेण्यात दगडाचा गोल स्तूप आहे. आपली अडाणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याला महादेवाची पिंड समजून बेल वाहत आली. मीही वाहिलाय. हसू नका! तर फार मागे एका हावरटाला वाटलं, ह्या स्तूपाच्या पोटात सोनं आहे. रात्री लोखंडी पहार घेऊन गेला. एक घाव घातला, दुसरा घातला, अन् छताची शिळा सुटली ती थेट अंगावर! लोकांनी मढं ओढून काढलं, पण डावा हात शिळेखालीच राहिला. तेव्हापासून तो पहारवाला एका हाताने पहार फरफटत फिरतो. खर्र... खर्र...

आता खंडू गाडेकराचं ऐका. पाहुण्यांना लेणी दाखवायचं काम त्याचं. गडी चांगला, पण भारी घायकुता. एकदा विदर्भातून बौद्ध यात्रेकरूंची बस आली. सगळी म्हातारी माणसं, पांढऱ्या कपड्यांतली. दिवस कलला तशी खंडूने त्यांना मेंढरांसारखी हाकत खाली आणली. खाली येऊन बघतात तर पार्बताआजी नाही! गेलेल्या नवऱ्याच्या नावाने दिवा लावून ती स्तूपामागे डोळे मिटून बसली होती, अन् ह्या शहाण्याने मागे वळून पाहिलंच नाही. म्हातारीला काही झालं तर तोंड कुठे लपवणार? सोबत यायला गावातलं कुणी तयार होईना. अंधार पडला होता. एकटाच बॅटरी घेऊन निघाला.

पहिल्याच चढावर मागून आवाज आला. खर्र... खर्र... खंडू थांबला की आवाज थांबे. निघाला की सुरू. मग वरून धोंडा आला, सण्ण करत! गुडघा फुटला, रक्ताची धार पायापर्यंत आली. तरी लंगडत चढला बिचारा. चुकी आपली आहे हे त्याला कळत होतं.

लेण्याबाहेर पाण्याचं टाकं आहे ना, त्यातून आवाज आला, "बाबू, पानी दे रे!" पार्बताआजीचाच आवाज, हुबेहूब! खंडू वाकला मात्र, पाण्यातून एक हात वर आला अन् मानेला विळखा! डोकं पाण्याखाली. आपटलं कपारीवर, पुन्हा पाण्याखाली! दोन दात तिथेच पडले. खंडूने पाण्यातल्या त्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. कुजकं मांस तोंडात आलं, तेव्हा कुठे मान सुटली. बॅटरी गेली टाक्यात. गडी ओकत, रांगत लेण्यात शिरला.

आत दिवा विझत आलेला. अन् म्हातारी जिवंत! स्तूपाला उजवा हात लावून, तोंडाने 'बुद्धं सरणं गच्छामि' असं तिसरण म्हणत, फेरी घालत होती.

"आजी, चला! लवकर!"

"आता नाही, बाबू. तीन फेऱ्या पुऱ्या कराच्या हायेत. तो मांगं हाय. पुढून येत नाही तो. उजवा हात लाव अन् चाल. थांबू नोको, मांगं फिरू नोको!"

खर्र... खर्र... आवाज आत आला. दिवा विझला. दोघं चालू लागले, म्हातारी पुढे, खंडू मागे. मानेवर थंड श्वास लागत होता.

आता बघा, माणसाची खोड कशी जिवावर उठते! आपण महादेवाला फेरी कशी घालतो? अर्धी. पिंडीवरच्या पाण्याची वाट आली की मागे फिरायचं, ओलांडायची नाही. खंडू लहानपणापासून ह्या स्तूपाला तशीच अर्धी फेरी घालत आलेला. अंधारात, भीतीने, डोकं चालेना. पाय मात्र चालले, सवयीने. स्तूपामागे पोचला अन् गर्रकन मागे फिरला!

समोर तो.

पहार वर गेली. खंडूचा डावा हात स्तूपावर टेकलेला. खण्णकन घाव मनगटावर! हाडांचा चुरा झाला. दुसरा घाव! खंडू गुरासारखा हंबरला. तिसऱ्या घावाला पंजा सुटा झाला, अन् पहारवाला तो उचलायला वाकला. तेवढ्यात म्हातारी अख्खी फेरी घालून त्याच्या मागून आली, न थांबता! तिने खंडूची मानगूट धरली, "चाल, माह्या लेकरा!" अन् ओढत पुढे नेला. रक्ताच्या चिळकांड्या उडताहेत, म्हातारी तिसरण म्हणतेय, अन् तिसरी फेरी पुरी झाली. खण्ण! मागे पहार जमिनीवर पडली. दोघं दारातून बाहेर फेकल्यासारखे आले.

म्हातारीने पदर फाडून थोटा हात आवळला. तिच्याच खांद्यावर रेलून खंडू खाली आला. वाचला. सोडून आलेल्या माणसाला आणायला गेला होता, अन् त्याच माणसाने त्याला आणला!

उजाडल्यावर दहाजण काठ्या घेऊन वर गेले. रक्ताचं थारोळं सापडलं, दात सापडले. पंजा काही सापडला नाही.

म्हणून सांगतो, दिवस बुडाल्यावर त्या वाटेला जाऊ नका. कुणी हाक मारली तरी नाही, माझ्या आवाजात मारली तरी नाही! आधी वरून रात्री खर्र खर्र यायचं, पहार फरफटल्याचं. ते आता बंद झालंय. गप्प बसा जरा, ऐका...

खण्ण! खण्ण!

असा घाव एका हाताने बसतो का, सांगा बरं?