फरशीवाल्याच्या घरची बिनफरशीची टाकी

...बघा, तुम्हीपण वाकलात! आत आलात, खुर्चीकडे जायच्या आधी टाकीपुढे वाकलात, आणि आता विचारणार, "अहो, खाली काही टाकलं नाहीत का?" विचारा, विचारा, लाजू नका, सगळेच विचारतात! दूधवाला विचारतो, गॅसची नळी बदलायला आलेला माणूस नळी बाजूला ठेवून विचारतो, समोरच्या काकू तर दर दोन दिवसांनी विचारतात, जसं काही मधल्या एका दिवसात मी टाकलंच असेल! आणि माझं उत्तर ठरलेलं. टाकीत मासे दोन, पाणी काठोकाठ, आणि खाली? खाली काही नाही!

आता हे दुसऱ्या कुणाच्या घरात असतं तर चाललं असतं हो. पण मी कोण? मी फरशीवाला! तीस वर्षं लोकांच्या घरात रांगून रांगून फरशा बसवल्या. डॉक्टर म्हणतात, तुमचे गुडघे ऐंशी वर्षांचे आहेत, बाकीचा माणूस अठ्ठावन्नचा. दुसऱ्याच्या घरी गेलो ना, की चहा येईपर्यंत मी बोटानं त्यांची फरशी ठोकून बघतो... टक् वाजली तर ठीक, डब् वाजली की पोकळ! खाली माल नीट भरलेला नाही! आणि मी ते तिथल्या तिथे सांगतो. हिनं त्यापायी माझ्याबरोबर पाहुण्यांकडे जाणं सोडलंय. म्हणते, "अहो, तुम्ही चहा प्यायला येता की तपासणीला?" आणि अशा माणसाच्या घरात, दर्शनी भागात, दिव्याखाली, अडीच फूट लांब टाकी... आणि खाली काही नाही!

झालं काय, तुम्हाला सांगतो. आमच्या कन्येला नोकरी लागली, परगावी, सहा तासांवर. जाताना तिनं कपडे नेले, पुस्तकं नेली, माझी चांगली छत्री नेली, आणि मासे ठेवून गेली. एका खोलीत चौघीजणी, तिथे मासे कुठे ठेवणार? दोन गोल्डफिश. एक नारिंगी, पोट पुढे, चाल सावकाश, सगळ्यांकडे संशयानं बघणार, म्हणून त्याचं नाव फौजदार. दुसरी पांढरट, तोंड सतत चालू, ती मावशी. आधी ही दोघं गोल बरणीत होती आणि खाली रंगीत खडे. आणि या जातीला खोड कसली, तर दिवसभर खडे तोंडात घ्यायचे, चघळायचे आणि थुंकायचे. एक दिवस फौजदारानं हिरवा खडा घेतला आणि तो काही थुंकेना! तोंड आ वासलेलं, आत खडा, बाहेर आम्ही तिघं! शेवटी कन्येनं त्याला ओल्या हातात धरून हिच्या भुवयांच्या चिमट्यानं खडा काढला. चिमटा अजून आहे, पण ही त्याला हात लावत नाही.

त्या दिवशी कन्येनं ठरवलं, मोठी टाकी आणायची आणि तळाला नुसती काच. खडे नाहीत, वाळू नाही, शिंपले नाहीत. "बाबा, घाण लपायला जागाच नको. दिसली की नळीनं ओढून काढायची." आणि बॅग उचलता उचलता वर काय म्हणते? "जमेल ना बाबा तुम्हाला? नाहीतर माझ्या ऑफिसातली एक जण मासे घ्यायला तयार आहे."

जमेल ना! मला! अहो, मी बोहल्यावर चढताना कुणी एवढं विचारलं नव्हतं!

पण खोटं कशाला बोलू, आतून चरकलो. कारण पोरगी रोज संध्याकाळी फोन करते तो कशासाठी? "बाबा, मासे दाखवा." माझं तोंड दिसलं की म्हणते, "थोडं बाजूला व्हा ना." मी होतो बाजूला. मग मासे बघता बघता विचारते, जेवलात का, गुडघा कसा आहे, आईशी भांडलात का... तासभर! आता मासेच नसतील तर फोन किती वेळाचा? "बरंय ना सगळं? ठेवते." संपलं! मला ते मासे घरात हवे होते, बास. पोरीची आठवण येते हो मला. आलीच तर काय करायचं माणसानं?

गेलो शोभेच्या माशांच्या दुकानात. तो दुकानदार इतका सावकाश बोलतो की त्याचं वाक्य संपेपर्यंत माझा एक गुडघा दुखायचा थांबून दुसरा सुरू होतो. "टाकी... भरा... फिल्टर... लावा... आणि... महिनाभर... थांबा." म्हटलं, महिनाभर कशाला? "फिल्टरच्या... स्पंजात... घाण खाणारे... चांगले जंतू... वाढू द्या." जंतू! लोक जंतू मारायला औषध आणतात आणि मी जंतूंची वाट बघत बसलो! वर रोज रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकायचं. कुणासाठी? कुणासाठीच नाही! ही स्वयंपाकघरातून बघायची, मी रिकाम्या पाण्याला जेवू घालतोय. तिनं माझ्या भावाला फोन करून विचारलं, तुमच्या घराण्यात असं आधी कुणाला झालंय का म्हणून.

पण एक सांगतो, ते थांबणं मला पटलं. सिमेंटलासुद्धा आठ-आठ दिवस पाणी मारावं लागतं, घाई केली की तडा जातो. तोवर मासे कुठे? बरणी त्यांना लहान पडायला लागलेली, म्हणून न्हाणीघरात, कपड्यांच्या टबात! महिनाभर आम्ही दोघं कोपऱ्यात अंग चोरून अंघोळ करतोय आणि फौजदार टबातून टक लावून बघतोय!

आणि टाकी मांडताना काय झालं ते तर ऐका. स्टँड ठेवला, पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध. आता थांबायचं की नाही? पण हाताची सवय! जिथे पाणी, तिथे ढाळ द्यायचा, हे तीस वर्षं हातात बसलेलं. न्हाणीघर बसवताना ढाळ दिला नाही तर पाणी साचतं, गिऱ्हाईक शिव्या घालतं. दिला ढाळ! एका बाजूला पुठ्ठ्याच्या दोन घड्या सरकवल्या, टाकी भरली, आणि ही पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, इकडे पाणी काठाला टेकलंय आणि तिकडे बोटभर खाली का?" मी म्हटलं, तो ढाळ आहे. "कुठे वाहून जायचंय पाण्यानं?" ...आता या प्रश्नाला उत्तर आहे का तुमच्याकडे? दुकानदाराला फोन लावला तर तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा भरभर बोलला. "काढा काढा काढा, एका बाजूला वजन आलं तर काच फुटेल!" आठ बादल्या काढल्या आणि आठ बादल्या परत भरल्या.

महिना झाला, मासे आत गेले, सगळं छान. आणि मग आला माझा मेव्हणा. हा पीओपीची छतं करतो, म्हणजे जन्मभर मान वर करून काम करणारा माणूस. तोसुद्धा टाकीपुढे वाकला! "भावोजी, सगळ्या गावाला फरशी आणि स्वतःच्या माशांना उघडी काच? बसवायला माणूस मिळाला नाही का?" आणि हसला! छतवाला हसला फरशीवर!

मग मात्र राहवलं नाही. माळ्यावर एक आकाशी फरशी होती, एका डॉक्टरीणबाईंच्या न्हाणीघरातून उरलेली, काय रंग, काय झिलई! मापात कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या. सिमेंट लावायचं नाही, हे दुकानदारानं बजावलेलं, पाण्यात चुना उतरतो. म्हणून चार कोपऱ्यांत चार रबराचे तुकडे ठेवले आणि त्यावर फरशी अलगद सोडली. काय दिसलं म्हणून सांगू! समोरच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "आता कसं भरल्यासारखं वाटतं!" पंधरा दिवस मी हवेत. फक्त संध्याकाळी फोन आला की कॅमेरा वरच्या अर्ध्या टाकीवर धरायचा. फरशी म्हणजे काही खडा नव्हे, तोंडात जाणार नाही, मग सांगायचं कशाला... असं मी मला सांगत होतो.

एका रविवारी कन्या फोनवर म्हणाली, "बाबा, फौजदार सारखा वर का येतोय?"

मी म्हटलं, तुला बघायला येतोय.

"नाही बाबा. तोंड पाण्याबाहेर काढून हवा घेतोय तो. मावशीपण. कॅमेरा खाली घ्या."

घेतला खाली. अहो, ओरडली असती तर बरं वाटलं असतं! हळूच म्हणाली, "बाबा, काढा ती फरशी."

बाह्या वर केल्या, हात घातला. उचलायच्या आधी, सवय हो सवय, बोटानं ठोकून बघितली. पाण्यात आवाज काय येणार? पण बोटाला कळलं ना! पोकळ! रबरावर ठेवलेली फरशी, खाली बोटभर फट, आणि उचलली तर त्या फटीत पंधरा दिवसांचं उरलेलं खाणं आणि माशांची सगळी काळी घाण, जिच्यामुळे पाणी नासत होतं! तीस वर्षं लोकांच्या घरी चहा पिऊन त्यांना पोकळ पोकळ म्हणणारा मी, आणि माझ्या घरात, माझ्या हातची, पोकळ! ही शेजारी उभी होती. हसली नाही. नळी आणून हातात दिली आणि बादली धरली. त्या दिवशी निम्मं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी परत थोडं, तिसऱ्या दिवशी परत. मी स्टूल टाकून टाकीपुढे बसून. चौथ्या दिवशी सकाळी फौजदार खाली गेला, मावशीच्या तोंडातला दाणा हिसकावला आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. मला रडू आलं, सांगायला लाज कसली!

पण फोनवर कन्या एवढंच म्हणाली, "मी सुट्टी काढून येते." आणि आली ती झाकणाची बादली घेऊन! नवी कोरी, झाकणाला हवेची भोकं पाडलेली! मी समजलो. चाललं माझं सैन्य! ही चहा टाकायला गेली, मी उगाच पंख्याचं बटण खालीवर करत उभा, आणि पोरगी टाकीपुढे उकिडवी बसली. खाली बघितलं. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. मी फरशा बसवलेली घरं ताब्यात घेताना गिऱ्हाइकांनी एवढं निरखून बघितलं नव्हतं हो! मी रोज सकाळ-संध्याकाळ नळी फिरवत होतो, तळाची काच अशी लख्ख की खाली मासा दिसायचा, वर मासा दिसायचा, दोनाचे चार!

"बाबा," ती म्हणाली, "काय स्वच्छ ठेवलाय तळ! तुमच्या आजवरच्या कामातलं हे सगळ्यात छान काम." आणि फोटो काढला. बादली इथेच ठेवून गेली, पाणी बदलायला. ती बघा, त्या आकाशी फरशीवर ठेवलीय... आता कुठेतरी वापरायला नको का ती?

पण कन्येनं तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला! तेव्हापासून माझा फोन थांबत नाही. "आमच्याकडे या, आमच्या टाकीचा तळ असाच करून द्या." मेव्हण्यानंसुद्धा टाकी आणलीय, म्हणतो, "भावोजी, या बाबतीत तुमच्यासारखा कारागीर नाही."

म्हणजे बघा, तीस वर्षं फरशा बसवल्या, एकानं फोटो काढला नाही. नाव झालं ते कशानं?

खाली काही नाही!