दुसरा कप

थंडी ओसरताना समुद्र बघायला एकटीच आलेली पाहुणी नाश्त्याच्या टेबलाशी बसली होती. आत घरमालकीण आणि तिची सून बोलत होत्या.

“आई, त्या एकट्याच आहेत. सकाळी खोलीत दोन कप चहा कशाला ठेवलात?”

“एक ह्यांना. बुडाले ना, त्याच दिवसांत दरवर्षी येतात.”

“मग खोली बंदच ठेवा की!”

“ठेवली होती एकदा. घरभर शोधत फिरले.”

“पाहुण्यांना त्रास?”

“छे! कुणाच्या अध्यात ना मध्यात. चहा पितात, जातात. खोलीतून आणलेल्या ट्रेमध्ये बघ, कप रिकामा असेल.”

“दोन्ही रिकामे आहेत.”

“एक पाहुणीचा. झालं तर मग.”

सून बाहेर आली. “ताई, अजून चहा देऊ?”

“नको. मी चहा घेतच नाही.”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“अगं बाई! यंदा कुणाला घेऊन आलेत हे?”