खिडकीच्या सीटला खिडकीच नाही

अगं थांब, फोन ठेवू नकोस, आधी ऐक काय झालंय — डोकं नुसतं फिरलंय माझं! हो, उतरलो, बॅगांच्या पट्ट्यापाशी उभी आहे, मावशी तिकडे बाकावर बसलीय, तिला नाही ऐकू जाणार — गेलं तर जाऊ दे! तुला माहितीय ना, ती आता कायमची चाललीय लेकाकडे, दादाकडे. आणि जन्मभर तिनं काय केलं? मिठागरात मीठ ओढलं. विमानतळाच्या कुंपणाला लागूनच मिठागर, सारखी डोक्यावरून विमानं — म्हणायची, एकदा वरून बघायचंय गं, आपले वाफे कसे दिसतात ते. बस, एवढंच मागणं! आणि दिसणार कधी, तर उडाल्या उडाल्या, मिनिटभर. म्हणून मी नकाशा उघडून बसले — हसू नकोस — डावी बाजू, कारण मिठागर डावीकडे; पंखाच्या पुढे, नाहीतर नुसता पत्रा बघत बसायचं; सकाळचं विमान, म्हणजे ऊन उजवीकडे. एवढं सगळं करून खिडकीची सीट घेतली, आणि जाऊन बघते तर काय — भिंत! सपाट भिंत! तिथून एसीची नळी जाते म्हणे, विमानातली ती मुलगी हसत हसत सांगतेय. अगं मग तिला खिडकीची सीट म्हणता कशाला?

मावशी म्हणाली, असू दे, पुढच्या सीटच्या फटीतून त्यांची खिडकी दिसतेय, तेवढ्यातून दिसेल मला. पण पुढे कोण? एक टायवाला काका. मी म्हटलं, काका, जरा वेळ जागा बदलता का? तर, "मला खिडकीच लागते." बरं, लागते तर बघ ना बाहेर! विमान वर उठलं आणि या माणसानं खटकन झाकण खाली ओढलं! मोबाइलवर ऊन येतं म्हणे. कुठलं ऊन? ऊन पलीकडे आहे, मी बघून घेतलंय!

मग काय, गप्प बसू? मावशीच्या पुढ्यातून वाकले, त्याची सीट धरली आणि असा झाडला त्याला! उघडलं, हां — तोंड वाकडं करून, "घ्या, बघा." पण मी काय तेवढ्यावर सोडते? म्हटलं, आधी काय झालं होतं? स्वतःच्या आईशी असं वागला असतात? मावशी माझी बाही ओढतेय, ओढतेय, मला वाटलं नेहमीचंच — भांडू नकोस. म्हटलं, थांब गं, तुझ्यासाठीच बोलतेय! बोलून मागे टेकले, तर बाहेर नुसते ढग.

विचारलं, मावशी, दिसलं का थोडंतरी? तर म्हणते — "दिसली की. तुझी पाठ दिसली." आणि हसली गं! म्हणजे चूक माझी? त्या टायवाल्याची नाही, भिंतीला खिडकी म्हणून विकणाऱ्यांची नाही — माझ्या पाठीची? काय करायचं होतं, पाठ काढून ठेवायची होती? ...नाही, रडत नाहीये, एसीनं नाक गळतंय. आता दादा येईल, पहिलं हेच विचारणार, आई, मिठागर दिसलं का — आणि ती म्हणेल, हो दिसलं, छान दिसलं. माझ्यासाठी खोटं बोलेल ती, मला माहितीय. तूच सांग, तू असतीस तर काय केलं असतंस? गप्प बसली असतीस? — बोल ना!