क्वाशबुवांचं कुजबुजतं प्रवचन

(दक्षिण कॅरोलायनाजवळचं एक बेट. १८६३ सालचा पहिला दिवस, सकाळ. प्रार्थनेचं खोपट. क्वाशबुवा दुपारच्या प्रवचनाची तालीम करतायत, ऐकायला एकटी फिबी.)

क्वाशबुवा : या रे लेकरांनो, जवळ या. आज अशी गोष्ट सांगतो, की—

फिबी : आणखी किती जवळ, बुवा? दाढीत येऊन बसू का?

क्वाशबुवा : का? ऐकू येत नाही?

फिबी : ओठ हलताना दिसतात. दुपारी छावणीच्या मैदानावर तीन बेटांची माणसं जमणार. आपण आता कुणाचे गुलाम नाही, हा हुकूम वाचणार. त्यावर तुमचं प्रवचन! मागच्यांना वाटेल, बुवा ऊस चघळतायत.

क्वाशबुवा : तीस वर्षं असंच सांगतोय. कुणाची तक्रार नाही.

फिबी : तेव्हा आपण तेरा जणं होतो, या खोपटात चिकटून बसलेली. आवाज मालकापर्यंत जाऊ नये म्हणून दाराशी हा हंडा उपडा. आता मालक आहे कुठे? उत्तरेच्या फौजेच्या तोफा ऐकल्या आणि एका पायात बूट घालून पळाला.

क्वाशबुवा : दुसऱ्या बुटासाठी परत आला तर?

फिबी : त्यात मी कांदा लावलाय. सरका, हंडा घेऊ द्या. चवळीभात शिजवायचाय.

क्वाशबुवा : अगं, सुलटा नको करू! तीस वर्षांची गाणी कोंडलीत त्यात. सगळी एकदम बाहेर पडतील!

फिबी : पडू देत, भाताला चव येईल. आणि काय हो, यरीहो शहराच्या भिंती लोकांच्या आरोळीनं पडल्या, की कुजबुजून?

क्वाशबुवा : एलिया संदेष्ट्याला देव हळू आवाजातच भेटला होता.

फिबी : एलियापुढे तीन बेटं नव्हती बसली. जमत नसेल तर सांगा, बोस्टनचे पाद्रीसाहेब तयार आहेत. प्रवचनाचा कागद खिशातच असतो त्यांच्या.

क्वाशबुवा : त्यांचं प्रवचन? परवा त्यांनी प्रवचनात तांबडा समुद्र दुभंगवला, एकाचीही मान हलली नाही! ना सूर, ना ताल. मध्ये 'आमेन' म्हणायलासुद्धा जागा सोडत नाहीत.

फिबी : मग तुम्ही सोडा ना! मोठ्यानं.

क्वाशबुवा : मोठ्यानं बोलायला गेलो गं, की हागर आठवते.

फिबी : कोण हागर?

क्वाशबुवा : माझी बहीण. तू इथे यायच्या आधीची. भात कांडताना गळा सोडून गायची. मालकाच्या पाहुण्याला आवाज आवडला. जेवण झालं आणि त्यानं तिला विकत घेतलं. जॉर्जियाला नेली. तेव्हापासून कुणी मोठ्यानं गायलं, की मला गाडीची चाकंच ऐकू येतात.

फिबी : इतकी वर्षं बोलला नाहीत.

क्वाशबुवा : बोलून काय होणार होतं?

फिबी : आज होईल. आपली पोरं निळा कोट घालून उत्तरेच्या फौजेत निघालीत. त्यातला एखादा जॉर्जियात पोचेल, बुवा. पण नावच कानावर पडलं नाही, तर विचारणार कुणाला? थांबा, मी बाहेर ओकच्या झाडाखाली उभी राहते. तिथवर ऐकू यायला हवं. हां, बोला!

क्वाशबुवा : लेकरांनो, माझी एक बहीण...

फिबी : तुमच्यापेक्षा माझी कोंबडी खणखणीत बोलते!

क्वाशबुवा : हागर! हागर तिचं नाव!

फिबी : आमेन! पुढे!

क्वाशबुवा : डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग! गाताना डोळे मिटते!

फिबी : आलं, बुवा, आलं! इथवर आलं!

क्वाशबुवा : जॉर्जियाला गेलात, आणि कुणी भात कांडताना गात असेल, तर थांबा रे, नाव विचारा. आणि नाहीच भेटली, लेकरांनो, तरी आठवण ठेवा तिची.