उजवा कल्ला

हलू नकोस म्हटलं ना! गोंद ओला आहे अजून — आणि हसायचं तर मुळीच नाही. सिनेमातल्या आजच्या प्रसंगात तुला हसायचंय कुठे? तू चाली लावणारा, पलीकडच्या खोलीतला रूपर्ट शब्द लिहिणारा, दोघांच्या विनोदी संगीत नाटकांनी राणीच्या काळातलं अख्खं लंडन हसवलं, नि आता तुम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही — आज पाच वर्षांनी रंगमंचावर हातात हात घालून वाकायचं. कॅमेरा तुझ्या उजव्या गालावर. आणि हा उजवा कल्ला बघ, मेला! कानाकडे वळायचा सोडून नाकाकडे निघालाय.

डावा? डावा झकास. डाव्यात माझा हातखंडा — म्हणजे या खेपेला दोन्ही मीच विणलेत, एकेक केस आकडीने जाळीत ओवून, अकरा दिवस. पण उजवे नेहमी विनी करायची. डावखुरी ना ती, तिची गाठ बरोबर उलटी पडते. एकवीस वर्षं हेच — हिल्डा डावा, विनी उजवा. आता ती रूपर्टच्या खोलीत नि मी इथे, काही लागलं तर चिठ्ठ्या पाठवतो. हो, हो, सिनेमातल्या तुम्हा दोघांसारखंच — कळलं मला, हसू नकोस!

भांडण कसलं? काही नाही, उगाच फुगून बसलीये. गेल्या वर्षी बक्षीस मिळालं आम्हाला. मंचावर मी गेले, तिला चारचौघांत बोलायला जमत नाही. सगळ्यांचे आभार मानले — नवऱ्याचे, चहावाल्या बाईचे, मांजराचेसुद्धा... हो, मांजराचे. विनी पहिल्या रांगेत होती, माझाच हिरवा कोट मांडीवर सांभाळत. आता राहतं एखादं नाव गडबडीत! ... नाही रे. गडबड कसली. टाळ्या गोड लागल्या, एकटीला.

माफी? मागितली असती की — पण तिने दार उघडलं तर ना! म्हणजे... मी अजून वाजवलं नाहीये.

काय? रूपर्टचा डावा? काल तीनदा बदलला? तोही नाकाकडेच? अगं बाई!

ऊठ. ऊठ म्हणते ना! हा कल्ला ओढून काढते — ओरडू नकोस एवढ्याने. जा, तिच्या खुर्चीत बस आणि उजवा गाल पुढे कर. रूपर्टला इकडे धाड. थांब — तिला सांग, मांजर... नको. सांग, हिल्डा चुकली. एवढंच सांग. जा आता. आणि दार लावू नकोस.