कुठल्या बाजूला बसू

(खोपोलीजवळ, साजगाव रस्त्यावरचं छोटं चर्च. दुपारची वेळ. उद्या इथेच सुनिताच्या थोरल्या मुलीचं, संजनाचं लग्न आहे. पाळक योगेंद्र कर्जतहून नुकतेच परतलेत.)

सुनिता: ते चहापाण्याचं मागून बघू, पाळकसाहेब. आधी सांगा, भेटलं का लेकरू?

पाळक: भेटली. बरी आहे हर्षला. तुम्ही बसा तरी, सुनिताबाई.

सुनिता: बसवत नाय. किती दिस फोन बंद. खोलीच्या मागंच नदी हाय त्याच्या. भांडी घासताना नळ सोडला तरी मला ती नदीच ऐकू येते.

पाळक: मी ते आडून आडून नाही, सरळच विचारलं. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का म्हणून. म्हणाली, मागच्या वर्षी यायचं, आता नाही येत. खरं बोलत होती. तिच्या पप्पांनी, शांतवनभाऊंनी फोनवर जे काही सुनावलं, त्यानंतर फोन बंद करून ठेवलाय.

सुनिता: मी व्हते तिथंच. पोळी लाटत व्हते. ते म्हणले, साडी नेसून बहिणीची करवली म्हणून येशील तर ये, नायतर तोंड दाखवू नको. मी फोन मागितला तर दिला नाय.

पाळक: ती कामाला आहे त्या रोपांच्या नर्सरीत गेलो तेव्हा ती कुंड्या भरत होती. केस अगदी बारीक कापलेत. शर्टपँट, पायात गमबूट. मी मागून हाक मारली, ‘हर्षला.’ वळली नाही. तिथल्या एका कामवाल्या बाईने ‘हर्ष’ म्हटलं, तेव्हा वळली.

सुनिता: ऐकू आलं नसंल तुमचं.

पाळक: ऐकू आलं होतं.

सुनिता: माझा निरोप सांगितला? एकच दिस साडी नेस म्हणून. लग्न लागेस्तोवर. मंग पायजे तर तिथंच बदल म्हणावं.

पाळक: तुमच्याच शब्दांत सांगितला. ती हसली थोडी. म्हणाली, ‘नेसायला काय, कापडच आहे. पण सगळे म्हणतील, बघा, प्रार्थनेने बरी झाली. मग दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आजारी पडू का?’

सुनिता: त्या प्रार्थनेचं अजून मनात हाय तर.

पाळक: कुठल्या प्रार्थनेचं? मला ठाऊक नाही.

सुनिता: तुमाला सांगितलंच नाय आमी. पनवेलला कोण बाहेरचे प्रचारक आले व्हते. यांनी तिथं नेलं. पोराच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं, ‘निघ, निघ’. सगळी माणसं मागून तेच. लेकरू मला हळूच विचारतं, ‘मम्मी, हे कोणाला निघ म्हणतायत?’ त्याच आठवड्यात निघालं घरातून.

पाळक: मला विचारलं असतं तर नेऊ दिलं नसतं.

सुनिता: तुमी वेगळं काय सांगितलंत मंग? तुमी बी पाळकच.

पाळक: गोड बोलून फसवलं नाही, एवढंच. मी जे मानतो ते सांगितलं. देव शरीर देताना चुकत नाही. बाई म्हणून घडवलं, त्यात त्याचा काही हेतू असतो. आजकाल मोबाइल उघडला की कोणी ना कोणी सांगत असतं, तुला जे वाटतं तेच तू. मी तसं मानत नाही. आपण आपले नसतोच, देवाचे असतो. हे मी पुलपिटावरून, उपदेश करताना सांगतो, म्हणून तुझ्या तोंडावरही सांगणार, असं म्हणालो.

सुनिता: रागावलं?

पाळक: नाही. हातातली कुंडी खाली ठेवली, माती झटकली. म्हणाली, ‘तुम्ही मानता ते बदला, असं मी कुठे म्हणतोय? मीही देवाचाच आहे. रोज प्रार्थना करतो. फक्त स्वतःला ज्या नावाने ओळखतो, त्या नावाने करतो.’

सुनिता: करतो. म्हणतो. तुमच्यासमोर बी तसंच बोललं?

पाळक: तसंच. कानाला लागलं माझ्या. आणि प्रार्थना सोडलेली नाही, हे ऐकून बरंही वाटलं. दोन्ही एकदमच झालं, सुनिताबाई. कर्जतपासून खोपोलीपर्यंत तेच घोळवत आलोय.

सुनिता: म्हंजे उद्या येत नाय.

पाळक: यायचं आहे तिला. नर्सरीवाल्याच्या फोनवर संजनाने फोन केला होता म्हणे. कशीही ये, पण ये, असं सांगितलं. पण मला एक विचारलं तिने. ‘आपल्या चर्चमध्ये डावीकडे बाया बसतात, उजवीकडे बाप्ये. मी आलो तर कुठल्या बाजूला बसू?’

सुनिता: मंग?

पाळक: इतकी वर्षं त्या दोन बाजूंच्या मधून चालत मी वेदीपाशी जातो. कधी मनात आलं नाही असलं काही. ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि बस पकडली.

सुनिता: हे आले बघा. आता यांना तुमीच सांगा.

शांतवन: मांडववाला कवाचा येऊन थांबलाय, आन् तू हितं बसलीस होय. जय ख्रिस्त, पाळकसाहेब.

पाळक: जय ख्रिस्त, शांतवनभाऊ. कर्जतला जाऊन आलो.

शांतवन: साडी नेसणार का?

पाळक: नाही.

शांतवन: मंग यायचं नाय. इषय संपला.

पाळक: संजनाने बोलावलंय.

शांतवन: संजनाला काय कळतं. श्रीरामपूरची मंडळी गाड्या भरून येणार. मुलाचा चुलता तिकडल्या चर्चचा पंच हाय. त्यानं विचारलं, हे कोण, तर काय सांगू मी? पोरगी सांगितली तर तो डोळ्यांनी बघतोय. पोरगा सांगितला तर माझी जीभ वळत नाय. तुमी तर पाळक. तुमीच म्हणता ना, हे चूक हाय? मंग दारातच अडवा.

पाळक: चूक आहे असं मी मानतो. पण अडवणार नाही. ज्यांच्यात मला चूक दिसते त्यांना एकेक करून बाहेर काढलं तर चर्च रिकामं होईल, आणि शेवटी मलाही निघावं लागेल.

शांतवन: बोलायला सोपं हाय. तुमचं लेकरू नाय ते.

पाळक: माझं नाही, खरं आहे. पण बाप्तिस्म्याला या हातात घेतलं होतं. तेव्हा तुमच्याकडून आणि सगळ्या मंडळीकडून वचन घेतलं होतं मी, या लेकराला आपण एकटं सोडणार नाही म्हणून. त्यात अट काही घातली नव्हती.

शांतवन: तुमाला वाटतं मला लाज वाटते. वाटते बी. पण ती गिळता येते. उद्या पंगतीत कोणतरी त्याला हसणार, काहीतरी बोलणार. आन् मी तिथंच हात जोडून उभा असणार, मुलीकडचा. मला त्याच्या बाजूनं एक शब्द बोलता येणार नाय. ते मला बघवणार नाय, पाळकसाहेब. त्यापरीस नकोच ना यायला.

सुनिता: हे घरी कधी बोलला नाय तुमी.

शांतवन: चल. मांडववाला थांबलाय.

*

हर्ष: मम्मी, तू जा आता. मला बस मिळेल. लग्न लागलं, मी बघितलं, बास. तिकडे संजूताईच्या पाठवणीची वेळ होईल आणि तू इथे स्टँडवर.

सुनिता: व्हईल पाठवणी माझ्याशिवाय सुरू. बस आली का जाते. तू थांबायला पायजे व्हतंस.

हर्ष: नको. सगळे रडायला लागले की मग एकमेकांकडे बघतात. मग माझ्याकडे बघतील.

सुनिता: जेवलंस का पण?

हर्ष: जेवलो. पाळकसाहेबांनी त्यांच्याशेजारी बसवलं. वाढणारा दोनदा भात घालून गेला.

सुनिता: दारात काय म्हणले तुला? मी लांबून बघत व्हते.

हर्ष: नाव नाही घेतलं. हर्षला नाही आणि हर्षही नाही. ‘ये बाळा’ म्हणाले. मी विचारलं, कुठे बसू? म्हणाले, ‘मला अजून उत्तर सापडलं नाही. तुला जिथे बसवेल तिथे बस, उठवणार कोणी नाही.’ आणि म्हणाले, आपलं बोलणं संपलेलं नाही.

सुनिता: म्हंजे?

हर्ष: म्हणजे त्यांना माझं पटलेलं नाही. मलाही त्यांचं सगळं पटत नाही. पण पुन्हा येणार म्हणालेत नर्सरीत. मी म्हटलं, या.

सुनिता: बाप्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसलंस.

हर्ष: हो. आणि तू पुढून उठून यायला लागलीस, तेव्हा मला वाटलं, मला बाहेर न्यायला येतेयस. मी उठायच्या बेतात होतो.

सुनिता: मला बी ठाऊक नव्हतं मी कशाला उठले. तू बसलंस आन् तुझ्या बाजूचे दोघं सरकून पुढच्या बाकावर गेले. तेवढं मोठं बाकडं आन् तू एकटं टोकाला. मला तेवढंच दिसलं. मंग पायच चालायला लागले.

हर्ष: नवरीची आई, जरीची साडी, आणि बाप्यांच्या बाजूला. बायांच्या बाकावरून अंबूबाई पूर्ण मान वळवून बघत होत्या.

सुनिता: बघू दे. पाळक बी थांबले. मी टेकेस्तोवर प्रार्थना सुरू नाय केली.

हर्ष: मग सारखी वऱ्हाडाकडेच बघत होतीस.

सुनिता: बघणारच की. मला वाटत व्हतं, आता श्रीरामपूरचं कोणतरी उठणार, आता मोडतंय लग्न. संजनानं हार घातला तवा कुठं तिकडून नजर काढली मी.

हर्ष: ताई रागावली असेल. पुढची जागा रिकामी दिसली तिला.

सुनिता: विचारलं मी तिला मागून. ती म्हणली, मम्मी, मीच गेले असते, पण तेवढा वेळ नवरा एकटा उभा राहिला असता.

हर्ष: ताई अशीच आहे.

सुनिता: एक सांगू का तुला? सांगू का नको, कळत नाय. बाहेर फोटो चालले व्हते तवा मुलाच्या चुलत्यानं पप्पांना विचारलंच. तुमच्या मालकीणबाई ज्याच्या शेजारी बसल्या, तो मागचा पोरगा कोण?

हर्ष: काय म्हणाले?

सुनिता: आधी रुमालानं कपाळ पुसलं. मला वाटलं, आता भाचा सांगतील नायतर शेजारचा सांगतील. मी मान खाली घातली. मंग म्हणले, आमचं धाकटं हाय.

हर्ष: धाकटं?

सुनिता: धाकटं. चुलता सोडतोय व्हय. धाकटा का धाकटी, म्हणून विचारलं. पप्पा म्हणले, जेवायला चला, भात गार व्हतोय.

हर्ष: मला बघून तर तोंड फिरवलं त्यांनी.

सुनिता: फिरवलं. मी बघितलं. का फिरवलं ते मला ठाऊक नाय, उगी तुझ्या समाधानासाठी काय सांगणार नाय मी. मला बी हे पटलेलं नाय, हर्षू. दवाखान्यात नर्सनं तुला माझ्या हातात दिलं, तवा पोरगी झाली म्हणूनच मी देवाचे आभार मानले. रोज विचारते त्याला, हे काय चाललंय तुझं. तो काय बोलत नाय.

हर्ष: माझ्याशीही नाही बोलत. ऐकतो असं मात्र वाटतं.

सुनिता: ती बस कर्जतचीच ना?

हर्ष: हो. मम्मी, येत्या रविवारी येऊ का?

सुनिता: उपासनेला ये की. पाळक नाय म्हणणार नाय.

हर्ष: उपासनेचं नाही विचारलं. त्याच्या आधी, घरी.

सुनिता: ये.

हर्ष: पप्पा दार उघडतील?

सुनिता: ठाऊक नाय. कडी मला बी काढता येते.