कंट्रोल रूमला घरचा फोन

हसू नका, पण सांगतो. भीमेला पूर आला तवा दौंडच्या कंट्रोल रूममध्ये माझी ड्यूटी होती. पाटबंधारे, पोलीस, वीजवाले, सगळ्यांचा मेळ मी घालायचा. बोलून बोलून घसा बसलेला, तेवढ्यात एका बाईचा फोन आला.

"घरात पाणी शिरलंय."

मी म्हणालो, "ताई, घाबरू नका. आधी नाव आन् गाव सांगा."

"अहो, मी बोलतीय. तुमची बायको."

मी दुसऱ्या हातानं बोटवाल्यांचा फोन उचलला. आमच्या आबांना, म्हंजी वडलांना, चालता येत न्हाई.

"थांब, बोट पाठवतो."

"राहू द्या. शेजाऱ्यांनी आबांना खाटेसकट शाळेत आणलंय. हितं खिचडी शिजतीय. डबा पाठवू का?"

मी हळूच म्हणालो, "पाठव. आमच्या जेवणाचं कुणी बघितलंच न्हाई."